स्क्रू एकाच टोकाला धर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या सीएनसी मिलिंग मशीनचं ड्रॉइंग आणि स्क्रूला बेअरिंग कोणतं घ्यावं हा प्रश्न मिळाला. कॉलम, रेल, टेबल यांवर मला काही म्हणायचं नाही, तिथे तू नीट विचार केला आहेस. पण एक्स अक्षाच्या, म्हणजे टेबल सरकवणाऱ्या, स्क्रूला दोन्ही टोकांना तू सारखेच बेअरिंग ब्लॉक काढलेस; दोन्हीकडे शोल्डर (बेअरिंग टेकायची स्क्रूवरची पायरी), दोन्हीकडे लॉक नट. हे बदलायला हवं. घरी बांधलेल्या मिलिंगमध्ये किंवा लेथमध्ये जी अचूकता हरवते, ती बहुतेक वेळा इथेच हरवते, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

स्क्रू टेबल ढकलतो तेव्हा तेवढाच उलटा जोर स्क्रूवर येतो. तो शोल्डरमधून बेअरिंगच्या आतल्या रिंगवर, गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगवर, तिथून हाउसिंगवर आणि शेवटी बेडमध्ये उतरतो. या वाटेत कुठेही ०.०३ मिमी प्ले (मोकळी हालचाल) राहिला की प्रीलोड केलेला (आधीच दाब देऊन प्ले काढलेला) महागातला बॉल नट लावूनही बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल, ०.०३ मिमी राहणारच. बॉल नटकडे सगळ्यांचं लक्ष असतं, बेअरिंगकडे नसतं.

आता दोन टोकांचं. पोलाद एक मीटर लांबीला एका अंश सेल्सियसमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. तुझा स्क्रू ६०० मिमीचा. काम सुरू असताना तो १० अंशांनी तापला तर सुमारे ७० मायक्रॉन लांब होणार. दोन्ही टोकं पक्की धरलीस आणि ही वाढ पूर्ण अडवली, तर १३ मिमी रूट व्यासाच्या (खोबणीच्या तळाशी मोजलेल्या) स्क्रूमध्ये तीन हजार न्यूटनहून जास्त दाब तयार होतो. प्रत्यक्षात ब्लॉक थोडे मागे रेलतात, स्क्रू थोडा वाकतो, बेअरिंगवर नको तेवढा भार येतो. मोठ्या मशीनवर दोन्ही टोकं धरतात, पण तिथे स्क्रूला आधीच ताण देऊन ठेवतात आणि तो ताण पेलणारं जड कास्टिंग मागे असतं. ॲल्युमिनियमच्या प्लेटवर तो उद्योग करू नकोस. मोटरकडचं टोक पक्कं धर, दुसरं टोक फक्त आडवं सावर आणि लांबीच्या दिशेने मोकळं सोड.

दुसऱ्या टोकाला बेअरिंग हवंच का? लांबीवर अवलंबून. क्रिटिकल स्पीडचं, म्हणजे ज्या वेगाला स्क्रू थरथरायला लागतो त्याचं, सूत्र तुला माहीत आहे: रूट व्यास भागिले लांबीचा वर्ग, गुणिले एक कोटी, गुणिले टोकांच्या पद्धतीचा गुणक. एक टोक पक्कं आणि दुसरं सुटं असेल तर गुणक ३.४, दुसऱ्याला आधार असेल तर १५.१, ८० टक्क्यांची सुरक्षा त्यातच धरलेली आहे. ६०० मिमीला पहिल्या पद्धतीत मिनिटाला सुमारे १२०० फेरे, दुसरीत ५४००. दाबाखाली वाकण्याची ताकदही आधाराने आठपट होते. म्हणून एक्स आणि वायला आधार दे. झेडचा (उभ्या अक्षाचा) स्क्रू ३०० मिमीच्या आत असेल तर खालचं टोक खुशाल सुटं ठेव, फक्त पक्कं बेअरिंग वरच्या बाजूला घे. स्पिंडलचं वजन स्क्रूला लटकून राहील, स्क्रू ताणात राहील आणि वाकण्याचा प्रश्नच येणार नाही.

बेअरिंग कोणतं, हा तुझा मूळ प्रश्न. तू ६००१ लिहिलं आहेस, म्हणजे साधं डीप ग्रूव्ह (खोल खोबणीचं), १२ × २८ × ८ (भोक, बाहेरचा व्यास, जाडी, मिमीत). एकटं वापरलंस तर फसशील. या मापात रेडियल क्लिअरन्स (आडवी मोकळीक) अगदी १० मायक्रॉन धरला तरी अक्षाच्या दिशेने आतली रिंग ८० ते ९० मायक्रॉन हलते, कारण गोळी खोबणीच्या गोलाईवर चढेपर्यंत रिंग सरकत राहते. दोन ६००१ एकमेकांवर प्रीलोड करून हा प्ले काढता येतो, आणि हलक्या राउटरला ते पुरतंही. पण तुला पोलाद कापायचं आहे. त्याच मापाचं अँग्युलर कॉन्टॅक्ट (गोळ्या तिरक्या टेकणारं) ७००१ घे. त्यात कॉन्टॅक्ट अँगल १५, २५, ३० किंवा ४० अंश असा मिळतो. स्क्रूसाठी मोठा कोन चांगला, कारण अक्षाच्या दिशेने ताठपणा कोनाबरोबर वाढतो. खास बॉल स्क्रूसाठी ६० अंशांची बेअरिंग बनतात, ती उत्तमच, पण त्यांचा बाहेरचा व्यास आणि जाडी वेगळी असते, तेव्हा हाउसिंग बोअर करण्याआधी ठरव.

थ्रस्ट बेअरिंगची (फक्त अक्षाच्या दिशेचा जोर घेणाऱ्या बेअरिंगची) जोडी हाही जुना, चांगला उपाय आहे: प्लेटच्या दोन्ही अंगांना एकेक ५११०१ आणि मधे रेडियल आधाराला एक सुई किंवा डीप ग्रूव्ह बेअरिंग. हँडलने फिरवायच्या लेथच्या लेडस्क्रूला मी हाच सुचवेन. एक गोष्ट सांभाळ: दोन वॉशरपैकी एकाचं भोक १२ चं असतं, दुसऱ्याचं १३ चं. १२ चं शाफ्टबरोबर फिरतं, १३ चं हाउसिंगला टेकतं. उलटे लावले तर वॉशर शाफ्टला घासतो. जास्त फेऱ्यांवर मात्र हे बेअरिंग तापतं आणि भार नसलेल्या बाजूच्या गोळ्या घसरतात, म्हणून सीएनसीच्या एक्स-वायला ते नको.

तयार बीके१२ ब्लॉक (पक्क्या टोकासाठी विकत मिळणारा बेअरिंग ब्लॉक) घेणार असशील तर कव्हर उघडून बघ. स्वस्त ब्लॉकमध्ये कधी कधी साधी ६००१ घातलेली असतात. किंवा ७००१ असतात पण जुळवलेली जोडी नसते. अँग्युलर बेअरिंग ओळखायला सोपं: बाहेरच्या रिंगची एक बाजू जाड, ती पाठ, दुसऱ्या बाजूची कड कापून बारीक केलेली, ते तोंड.

जोडी लावायच्या दोन रीती, पाठीला पाठ किंवा तोंडाला तोंड. तोंडाला तोंड लावलेली जोडी स्क्रूचा थोडा तिरकेपणा सहन करते, म्हणून तयार ब्लॉकमध्ये ती असते. पण तिचा प्रीलोड बाहेरच्या रिंगांवर कव्हरने येतो. पाठीला पाठ लावली तर प्रीलोड आतल्या रिंगांवर, म्हणजे स्क्रूवरच्या लॉक नटने येतो. हाताने बांधताना पाठीला पाठ हीच रीत आटोक्यात राहते, आणि मधे स्पेसर (अंतर राखणारी नळी) घालता आला तर टोक वाकण्याविरुद्ध खूप ताठ होतं. मात्र अलाइनमेंट चोख हवी. तू पाठीला पाठच घे. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन्ही बेअरिंग एकाच दिशेला तोंड करून बसवणं. मग एका दिशेने सगळं घट्ट वाटतं आणि दुसऱ्या दिशेने ढकललं की गोळ्या खोबणीतून सुटायला लागतात. बसवण्याआधी दोन्ही बेअरिंग टेबलावर एकावर एक ठेवून जाड कडा एकमेकींना टेकल्यात का, हे पाहून घे.

प्रीलोड हा पान्याच्या जोराने ठरवायचा नसतो, तो घासलेल्या पृष्ठभागांत असतो. एम१२ × १ च्या नटचा एक अंश म्हणजे अक्षाच्या दिशेने २.८ मायक्रॉन. पान्याला दहा अंश जास्त फिरवणं हातांना जाणवतही नाही, आणि बेअरिंगला ते २८ मायक्रॉन असतात. जुळवलेल्या जोडीत कारखान्याने रिंगांचे चेहरे असे घासलेले असतात की रिंगा एकमेकींना टेकल्या की ठरलेला प्रीलोड येतो आणि नट त्यापुढे आवळला तरी फारसा वाढत नाही. सुट्या बेअरिंगमध्ये ही सोय नाही. तिथे स्पेसरने तीच सोय आपण करायची.

दोन नळ्या कर, एक आतल्या रिंगांमध्ये बसणारी, एक बाहेरच्या. लांबी प्रत्येकी ८ मिमी ठेव, पण नेमका आकडा महत्त्वाचा नाही. दोन्ही सारख्या आणि चेहरे समांतर हवेत. सर्फेस प्लेटवर ६०० आणि मग १००० नंबरच्या पेपरवर, तेल लावून, आठच्या आकड्यात फिरवत घास. प्रत्येक नळी चार जागी मायक्रोमीटरने मोज. एकाच नळीत दोन मायक्रॉनहून जास्त फरक नको. दोन्ही सारख्या झाल्या की कोरडीच जोडणी कर, नट हलका आवळ आणि स्क्रू हाताने ढकलून-ओढून डायल गेजवर प्ले मोज. प्ले जितका येईल तितका, अधिक चार-पाच मायक्रॉन, आतल्या नळीतून कमी कर. उलट, सारख्या नळ्यांवरच फिरवताना खरखरीत आणि जड लागलं तर बाहेरची नळी कमी कर. तोंडाला तोंड रचनेत हे बरोबर उलटं होतं. स्क्रूचं तयार केलेलं टोक बीके१२ साठीचं असेल तर जर्नलची (बेअरिंग बसतो त्या बारीक केलेल्या भागाची) लांबी आधी मोज. स्पेसर, दोन बेअरिंग, कॉलर आणि नट एवढं त्यावर मावायला हवं. मावत नसेल तर जुळवलेलीच जोडी घे.

नट आवळल्यावर चांगली जोडी कशी लागते? हाताने फिरवताना एकसारखा, मऊ, किंचित जड प्रतिकार. जागोजागी अडकल्यासारखं वाटलं तर एकतर घाण आहे किंवा खोबणीत गोळ्यांचे वण पडलेत. असे वण बसवतानाच पडतात. शाफ्टवर चढवताना जोर फक्त आतल्या रिंगवर यायला हवा. बाहेरच्या रिंगवर हातोडी मारली की तो धक्का गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग तिथेच संपतं. फिट घट्ट असेल तर बेअरिंग ८०-९० अंशांपर्यंत गरम कर, आपोआप सरकेल.

फिटची मापं. ७००१ चं भोक १२.००० ते ११.९९२, बाहेरचा व्यास २८.००० ते २७.९९१ या दरम्यान येतो. जर्नल ११.९९६ ते १२.००४ ठेव, म्हणजे हाताच्या दाबाने किंवा थोड्या गरमीने बसेल. हाउसिंगचा बोअर २८.००० ते २८.०१०. हा बोअर बोअरिंग हेडने किंवा लेथवर चारजबडी चकमध्ये कर, आणि तळाचा शोल्डर त्याच पकडीत फेस कर. ब्लॉक उलटवून पुन्हा पकडलास की शोल्डर आणि बोअर काटकोनात राहत नाहीत, बाहेरची रिंग तिरकी बसते, आणि मग प्रीलोड अर्ध्या फेरीत घट्ट, अर्ध्या फेरीत ढिला असा लागतो. ड्रिल करून रीमरने २८ चं भोक काढायचा मोह टाळ.

कव्हरचं गणित बरेच जण विसरतात. बेअरिंग, स्पेसर, बेअरिंग मिळून २४ मिमी होत असतील तर बोअरची खोली २३.९७ ठेव. कव्हर ठेवल्यावर ब्लॉक आणि कव्हर यांच्यात सगळीकडे सारखी ०.०३ मिमीची फट दिसली पाहिजे, फीलर गेजने तपास. मग चार एम४ स्क्रू तिरक्या क्रमाने आवळ. फट आधीच शून्य असेल तर कव्हर ब्लॉकला टेकलंय आणि रिंग आत मोकळी आहे. बाहेरून सगळं घट्ट दिसेल आणि बॅकलॅश कुठून येतो ते कळणार नाही. फट ०.१ च्या वर असेल तर कव्हर वाकून रिंगच्या कडेवर दाब देईल. खोली चुकली तर पुन्हा बोअर करायची गरज नाही, शिम (मापाची पातळ पत्री) घालून भागतं.

आता शोल्डर. हा तुझ्या ड्रॉइंगमधला दुसरा दोष. १६०५ स्क्रूवर (१६ मिमी व्यास, एका फेरीला ५ मिमी सरक) १२ चं जर्नल काढलं की शोल्डर कागदावर दोन मिलिमीटरचा दिसतो. पण रूट व्यास जेमतेम १३, आणि बॉलची खोबण शोल्डरमधूनच बाहेर पडते. म्हणजे खरा टेकू एका बाजूला चांगला आणि खोबणीच्या जागी अर्ध्या मिलिमीटरचा. बेअरिंग थेट त्यावर टेकवू नकोस. मधे ५-६ मिमी जाडीची कॉलर घाल, बाहेरचा व्यास १६ च्या आसपास, दोन्ही चेहरे दोन-तीन मायक्रॉनमध्ये समांतर. शोल्डरच्या कोपऱ्यातली गोलाईही पाहा: ७००१ च्या कडेची गोलाई किमान ०.३ मिमी असते, त्याहून मोठा कोपरा जर्नलवर राहिला तर रिंग चेहऱ्याने न टेकता कोपऱ्यावर चढून बसते. बारीक अंडरकट दे, किंवा कॉलरच्या आतल्या कडेला चॅम्फर कर. स्क्रूचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, साध्या टूलला तो दाद देत नाही. कार्बाइड इन्सर्टने वरचा थर निघतो, पण जर्नलचा शेवटचा कट गोल आणि मापात यायला मजबूत लेथ लागतो. टोकं तयार करून मिळत असतील तर तशीच घे.

लॉक नट बाजारातला नायलॉनचा लावू नकोस. त्याचा चेहरा आट्याशी काटकोनात नसतो. नट एका बाजूने आधी टेकला की तो स्क्रूचं टोकच वाकवतो, आणि बेअरिंगच्या पुढचा भाग फिरताना लटपटतो. घासलेल्या चेहऱ्याचा प्रिसिजन नट घे, किंवा स्वतः करायचा तर आटे आणि चेहरा एकाच पकडीत कर. ग्रब स्क्रूखाली पितळेचा छोटा तुकडा टाक, म्हणजे आटे खराब न होता पकड येते. नट आवळल्यावर कपलिंगच्या जर्नलवर डायल लावून स्क्रू फिरव. ०.०१ च्या आत हवं. जास्त आलं तर नट सोडून, चेहऱ्यावर मार्किंग ब्लू लावून कुठे टेकतो ते बघ आणि तेवढंच घास.

ब्लॉकबद्दल एवढंच: तू १० मिमीची ॲल्युमिनियम प्लेट उभी केली आहेस, खालून बोल्ट. स्क्रूचा मध्य बेसपासून ३० मिमी वर, प्लेट ६० मिमी रुंद. फक्त वाकण्याचा हिशोब केला तर एक मायक्रॉन हलायला सुमारे ३९ न्यूटन पुरतात. ४०० मिमी अंतरावरचा १३ मिमीचा स्क्रू स्वतः एका मायक्रॉनला सुमारे ६८ न्यूटन घेतो. म्हणजे तुझी प्लेट स्क्रूपेक्षाही लवचीक. जाडी २० कर, ताठपणा आठपट होतो. पोलाद घेतलंस तर आणखी तिप्पट. इथे कंजुषी करून बेअरिंगवर खर्च करण्यात अर्थ नाही.

मोकळं टोक सोपं आहे. ६००० बेअरिंग, १० × २६ × ८, आतली रिंग सर्क्लिपने जर्नलवर पक्की, बाहेरची रिंग बोअरमध्ये सरकती, बोअर २६.०१ ते २६.०२. रिंगच्या दोन्ही बाजूंना निदान एक मिलिमीटर मोकळं ठेव. या टोकाला कव्हर घट्ट आवळून सगळं वाया घालवतात, म्हणून ते कव्हर धुळीपुरतंच असू दे.

अलाइनमेंटचा क्रम बदलू नकोस. आधी रेल पक्के आणि समांतर. मग बॉल नटचा ब्रॅकेट टेबलाला हलका बोल्ट. टेबल पक्क्या टोकाच्या जितकं जवळ जाईल तितकं ने, ब्लॉकला नटच्या रेषेत येऊ दे, मग ब्लॉक आणि ब्रॅकेट आवळ. टेबल दुसऱ्या टोकाला नेऊन मोकळा ब्लॉक तसाच बसव. उंची जुळत नसेल तर ०.०२ आणि ०.०५ चे शिम. शेवटी टेबलावर डायल लावून स्क्रूच्या वरून आणि बाजूने पूर्ण लांबी चाल, दोन्हीत ०.०२ च्या आत आण. स्क्रू हाताने फिरवताना नट ब्लॉकजवळ आला की जड आणि मधे हलका लागत असेल तर रेषा चुकलीय: मधे स्क्रू लवून चूक लपवतो, टोकाजवळ त्याला लवायला जागा नसते. सगळं जुळलं की प्रत्येक ब्लॉकला दोन डॉवेल पिन मार, म्हणजे पुन्हा उघडलं तरी जागा सापडेल.

मोटर कपलिंगने जोड, पण अक्षाचा जोर मोटरवर येऊ देऊ नकोस. स्टेपर मोटरच्या बेअरिंगला आत स्प्रिंग वॉशर असतो आणि ती अक्षाच्या दिशेने साधारण १०-१५ न्यूटनपुरतीच धरलेली असतात. सर्पिल चीर असलेलं कपलिंगही लांबीत ताणतं-दबतं. स्क्रू स्वतःच्या बेअरिंगने धरलेला असेल तर त्याने बिघडत नाही, नसेल तर सगळा बॅकलॅश तिथेच.

ग्रीस लिथियमचं, दोन नंबर, मोकळ्या जागेच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाइतकंच. ठासून भरलं तर तापतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं हळू चालव.

तपासणी अशी कर. स्क्रूच्या टोकाच्या सेंटर होलमध्ये ग्रीस लावून एक स्टीलची गोळी चिकटव आणि डायलचा सपाट टोकाचा प्रोब तिच्यावर टेकव. डायलचा स्टँड प्रथम बेअरिंग ब्लॉकवर लाव. स्क्रू फिरव: फेरीमागे काटा पुढे-मागे झाला तर शोल्डर, कॉलर किंवा नटचा चेहरा तिरका आहे, ही चूक प्रत्येक पाच मिलिमीटरला कामात उमटेल. मग टेबलाला तरफेने दोन्ही दिशांना १०-१५ किलोचा जोर दे. जोर काढल्यावर काटा मूळ जागी येत असेल तर तो ताठपणाचा प्रश्न, येत नसेल तर प्ले आहे. आता स्टँड बेडवर लावून हेच कर. ब्लॉकवरून आणि बेडवरून मिळालेल्या आकड्यांतला फरक म्हणजे ब्लॉकचं लवणं. शेवटी डायल टेबलावर. तिथे वाढलेला आकडा नट, ब्रॅकेट आणि स्क्रूचा. एवढ्या तीन वाचनांत दोष कुठे आहे ते कळतं, आणि नको ते उघडावं लागत नाही.

सुधारलेलं ड्रॉइंग पाठवशील तेव्हा जर्नलची लांबी, आट्याची लांबी आणि शोल्डरपासून पहिल्या खोबणीचं अंतर ही तीन मापं स्क्रूवर प्रत्यक्ष मोजून लिही. कॉलरची जाडी आणि बोअरची खोली त्यावरूनच ठरवू. तोवर २८ चा बोअर करायला घेऊ नकोस.

तुझा,
विनायक